न मारलेली गाठ

घरातले तिला उसवणी म्हणायचे. नाव वडिलांनी ठेवलं होतं, आणि ठेवण्यासारखंच कारण घडलं होतं. त्यांचा लग्नातला कोट कपाटात टांगलेला असायचा. अंगात माणूस नसताना त्याचे खांदे ताठ कसे उभे राहतात, हे या पोरीला काही केल्या कळेना. म्हणून एका दुपारी तिने आईची कात्री घेतली आणि अस्तर उसवून आत बघितलं. आत कापसाची गादी आणि कडक कापड निघालं. पाठीत धपाटा बसला तो बसला, पण रडता रडता ती म्हणाली, "पण बाबा, आत गादी आहे!" आता अशा मुलीचं पुढे काय होणार? ती कपडे दुरुस्त करणारी शिंपीण झाली. नवे कपडे कुणीही शिवतं हो. दुसऱ्याने शिवलेलं उसवून, त्याची चूक हुडकून, ते पुन्हा अंगावर बसवायला डोकं लागतं.

दुकान एका बेकरीच्या माडीवर होतं. एक मशीन, एक लांब टेबल, इस्त्री आणि एक खिडकी. खिडकीतून तळं दिसायचं. तळं म्हणजे चांगलं लांबरुंद, पलीकडचा काठ धुरकट दिसावा असं. त्या काठावर एक लालसर छप्पर होतं. पलीकडे बस जायची. ती बसने जाऊनही आली होती. पण तिला पलीकडे काय आहे याची पडलीच नव्हती. तिचा प्रश्न वेगळाच होता: बरोबर मधे थांबलं तर कसं दिसतं?

"कसं दिसणार? पाणी दिसेल," नवरा म्हणायचा. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात दोरांशी झटणारा माणूस, पण पाण्याचं नाव काढलं की त्याचं धाबं दणाणायचं. त्याला बादलीतलं पाणीसुद्धा खोल वाटतं, असं ती सगळ्यांना सांगायची.

चाळिशी उलटल्यावर ती पोहायला शिकली. गावच्या पोहण्याच्या तलावावर एक सर होते. बोलण्यापेक्षा शिट्टीच जास्त वाजवायचे, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत. दरवर्षी पोहणाऱ्यांचं मंडळ तळं ओलांडायची शर्यत ठेवायचं. या काठावरून उतरायचं, त्या काठावर निघायचं. उसवणीने सरांना विचारलं, "मला जमेल?" सरांनी नुसती शिट्टी वाजवली. तिने तो होकार समजला आणि तयारीला लागली.

त्याच सुमारास तिचे कपडे तिला सैल होऊ लागले. शिंपिणीला काय, तिने शिवणी आत घेतल्या. पुन्हा सैल झाले, पुन्हा आत घेतल्या. वर स्वतःवर खूश! पोहून पोहून कशी सडपातळ झाले बघा म्हणून आरशापुढे गिरक्या घेतल्या. तहान मात्र राक्षसासारखी लागायची. शेवटी एका परकराची शिवण आत घ्यायला कापडच उरलं नाही, तेव्हा तिची ट्यूब पेटली. दुसऱ्याच्या कपड्यातली चूक लांबून ओळखणारी बाई, स्वतःचं शरीर उसवत चाललंय हे तिला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. साधी नव्हे, सुई टोचून घ्यावी लागणारी. नवरा खुर्चीतच खचला. उसवणीने विचारलं, "म्हणजे साखर रक्तात आहे, पण आत शिरत नाही?"

"हो ताई. इन्सुलिन तिला आत घेतं."

"आणि मी पोहले की?"

"मग ती भराभर संपते. कधी कधी नको इतकी. हात कापतात, डोकं चालत नाही, माणूस बेशुद्धसुद्धा पडतो. पाण्यात तसं झालं तर..."

"पोहणं बंद," नवरा म्हणाला.

"ते मी म्हटलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सांभाळून. अंगावर कायम ग्लुकोजच्या जेलीची पुडी हवी. जवळपास माणूस हवा. आणि चाहूल लागली की तिथल्या तिथे थांबायचं, पुडी खायची, बरं वाटेपर्यंत हात मारायचा नाही. चाहूल प्रत्येकाची निराळी असते. तुमची तुम्ही शोधा."

हे वाक्य नको त्या माणसाला सांगितलं गेलं. शोधा म्हटल्यावर उसवणीला काय, तिला नवा कोटच मिळाला उसवायला. बोट टोचून तपासायचं, पोहायचं, पुन्हा तपासायचं. सकाळी खाऊन काय होतं, थंड पाण्यात काय होतं, भांडण झाल्यावर काय होतं. होय, भांडण झाल्यावरही ती बोट टोचून बघायची, आणि भांडता भांडता बायको रक्त तपासायला बसली की नवऱ्याचा राग जायचा कुठे, तर हवेत. तिची चाहूलही सापडली. साखर उतरली की तिच्या ओठांना टाचण्या टोचायच्या. गंमत अशी की दुकानात तिच्या ओठांत खऱ्याच टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे कितीतरी दिवस तिला ते कळलंच नव्हतं. आता ती अधूनमधून टाचण्या काढून ठेवायची आणि ओठांना विचारायची, बाबांनो, तुम्ही की त्या?

राहता राहिला प्रश्न पुडीचा. शर्यतीत बऱ्याच जणांमागे एक होडी, आणि होडीला हात लावला की माणूस बाद. म्हणजे पुडी अंगावरच हवी. पोहायच्या पोशाखाला कमरेशी खिसा लावायचा, हे ठरलं. आता तुम्ही म्हणाल, चेन लावायची. लावली. थरथरत्या ओल्या बोटांना तिचं टोक सापडेना. मग तो चिकटणारा पट्टा? हात मारला की सुटायचा, आणि पुडी जायची तळाला. खिसा असा हवा की पोहताना हू की चू करणार नाही, पण ओढला की क्षणात उघडेल.

उत्तर तिला बेकरीच्या दारात मिळालं. बेकरीवाला मैद्याचं पोतं उघडत होता. पोत्याच्या तोंडाला साखळी टाका असतो, फाशात फासा अडकवलेला. बरोबर टोक ओढलं की सरसर सगळा टाका सुटतो. ती तिथेच टाळी वाजवून हसली. त्या संध्याकाळी तिने खिसा साखळी टाक्याने शिवला आणि ओढायच्या टोकाला एक मणी ओवला.

पुढच्या रविवारी ती काठाकाठाने पोहत होती, शिट्टीसर होडीत. अर्ध्या वाटेवर ओठांत टाचण्या टोचल्या. तिने शहाण्यासारखं थांबून मणी धरला आणि ओढला. टाका सुटेना. जोरात ओढला, तर तो आणखी आवळला. मग डोकं चालेनासं झालं. आपण काय ओढतोय, का ओढतोय, हेच तिला आठवेना. सरांना दिसलं ते एवढंच, की बाई एकाच जागी गोल गोल फिरतेय आणि स्वतःच्या कमरेशी भांडतेय. त्यांनी तिला ओढून होडीत घेतलं आणि होडीत ठेवलेली दुसरी पुडी दातांनी फाडून तिच्या तोंडात पिळली.

नवरा धावत काठावर आला तेव्हा ती घोंगडीत गुंडाळून बसली होती. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "आमच्यात दोर दगा देतो म्हणून दुसरा दोर असतो. तुझा एकच होता आणि त्याने दगा दिला. मी नाही म्हणणार नाही. तू ऐकणार नाहीस. पण हो म्हणायला मला सांगू नकोस." आणि त्याने अबोला धरला. बडबड्या माणसाचा अबोला फार वाईट. घरात भांड्यांचेच आवाज उरले.

तिने तो खिसा टेबलावर घेतला आणि भिंगातून उसवत गेली. टाका नीट होता, फासे नीट होते. शेवटच्या फाशाशी मात्र एक पक्की, सुबक, जन्मभर न सुटणारी गाठ होती. तिनेच मारलेली. शिंपी दोरा तोडायच्या आधी गाठ मारतो. विचार करून नाही मारत, हात मारतो. वयाच्या दहाव्या वर्षापासून हाताला तेच शिकवलं होतं, आणि हात बिचारा इमानी. तिला आधी हसू आलं. मग तिथेच टेबलावर डोकं टेकून ती रडली, कारण दगा दोराने दिलाच नव्हता.

बरं, चूक कळली म्हणजे सुटली असं असतं तर काय हवं होतं! तिने पुन्हा शिवला, नजर न हलवता. मशीनवर ठेवलेला फोन वाजला, तिने एकदाच मान वळवली, आणि परत बघते तर गाठ. पुन्हा शिवला, पुन्हा गाठ. जित्याची खोड हो! शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. उन्हं कलली होती आणि टेबलावर उसवलेल्या दोऱ्यांचा ढीग पडला होता. तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला, आणि तो उडाला की शिंपिणीकडे उरतं काय?

नवरा तिला न्यायला आला होता. दारात उभा राहून बराच वेळ बघत राहिला. शेवटी कुतूहल अबोल्याला भारी पडलं.

"गाठ का मारतेस पण?"

"मी नाही मारत. हात मारतो."

तो आत आला. ढिगातला एक दोरा उचलून त्याने उजेडाकडे धरून बघितला. "आमच्याकडे लिफ्टखाली माणूस काम करत असला की चालू करायची किल्ली त्याच्याकडे नसते," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या खिशात असते. कितीही शहाणा कारागीर असू दे. सवयीने हात जायचा बटणावर, तर?"

मग तिने खणातली मोठी कात्री काढली. ही कात्री म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. नवऱ्याने एकदा त्या कात्रीने वायर कापली होती. त्यावरून जे रामायण झालं, ते झालं, आणि तेव्हापासून त्याने कात्रीला बोट लावायचं नाही असा घरचा कायदा होता. तीच कात्री तिने मुठीकडून त्याच्यापुढे धरली.

"माझी?" तो म्हणाला.

"धरा. नाहीतर पुन्हा विचार बदलेल माझा."

तो शेजारी स्टूल ओढून बसला. ती शिवू लागली. फाशात फासा, फाशात फासा. शेवटचा फासा ओढला आणि तिचा हात वळू लागला.

"हात वर!" तो ओरडला.

तिने दोन्ही हात वर केले, चोर पकडल्यासारखे. त्याने जीभ दातांत धरून, बेतून बेतून, दोरा कापला. मग म्हणाला, "आता ओढ." तिने ओढला, खिसा सरसर उघडला. "पुन्हा शीव. लिफ्टमध्ये माणूस घालायच्या आधी आम्ही रिकामी चालवतो." त्याने तिला पुन्हा पुन्हा शिवायला लावलं. डाव्या हाताने, ओल्या हाताने, डोळे मिटून, मुद्दाम हात थरथरवून उघडायला लावलं. शेवटचा खिसा पुडी घालून शिवला आणि त्याचाही दोरा त्यानेच कापला. हो तो शेवटपर्यंत म्हणाला नाही. कात्री मात्र पुसून खणात ठेवली.

सकाळी ती पाण्यात उतरली. बरोबरचे भराभर पुढे गेले. ती आपल्या चालीने हात मारत राहिली, तोंड पाण्यात, श्वासापुरतं बाहेर. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे खाऊन, तपासून निघाली होती, तरी तळ्याच्या मधोमध टाचण्या आल्याच. ओठांत एक, मग दोन, मग डबीच उपडी झाली.

ती थांबली. मणी सापडला. आता उघडला नाही तर लांबवरच्या होडीला हात करायचा आणि संपलं. तिने ओढला.

सरसर सगळा टाका सुटला. तिने पुडी दातांनी फाडली, पिळली, गिळली, आणि पाठीवर पडून राहिली. सरांनी लांबून शिट्टी वाजवून विचारलं. तिने पालथा हात हलवून ठीक म्हणून सांगितलं. बरं वाटेपर्यंत हात मारायचा नव्हता. काम काहीच नव्हतं. आणि मग तिच्या लक्षात आलं की ती बरोबर मधे आहे, आणि थांबलेली आहे.

धडधाकट असती तर ती इथून तोंड पाण्यात घालून भर्रकन निघून गेली असती. आता तिने सावकाश बघितलं. ते लालसर छप्पर म्हणजे गंजलेल्या पत्र्याची पंपाची खोली होती, एवढी वर्षं उगाच मिरवत होती. मग ती वळून आपल्या काठाकडे बघू लागली. बेकरी कुठली, खिडकी कुठली, काही ओळखू येईना. सगळं धुरकट, लहान आणि देखणं दिसत होतं. तिथे कोण राहत असेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिथे एकदा जायलाच हवं असं वाटलं. ती एकटीच मोठ्याने हसली. सरांना वाटलं, बाईची साखर डोक्यात गेली.

पलीकडे ती जवळजवळ शेवटची पोचली. नवरा बसने आला होता. घोट्यापर्यंत पाण्यात उभा होता, बुटांसकट. त्याने तिचं तोंड बघितलंच नाही, आधी कमर बघितली. खिसा उघडा होता.

"उघडला?"

"एका ओढीत."

त्याने तिला टॉवेलात गुंडाळलं आणि घट्ट धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मधून कसं दिसतं?"

"सांगते. बसमध्ये सांगते."

तिचा हात पुसता पुसता तो थांबला. सुटलेला दोरा तिने फेकला नव्हता. शिंपीण दोरा फेकत नाही. तो तिच्या करंगळीला गुंडाळलेला होता आणि त्याच्या टोकाला, पक्की, सुबक, जन्मभर न सुटणारी गाठ होती. कधी मारली, तिलाही ठाऊक नव्हतं.

"अगं, ही बघ! मारलीसच!" तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तिने दातांनी ती सोडायला करंगळी तोंडाकडे नेली.

त्याने तिचा हात धरला. "ही राहू दे," तो म्हणाला.