इंग्रजी पिच्चरमधली सासू

दापोऱ्यात केळीचे घड कापणाऱ्या टोळ्या पाच-सहा आहेत, पण मुकादम म्हणाल तर कौतिकच. बोलायला कमी, कामाला वाघ, आणि एकदा हो म्हणाला की मागं न सरणारा. या हो म्हणायच्या खोडीनंच त्याला तीस वर्षं अडकवून ठेवलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे कोणी कामाला हात लावत नाही. एका वर्षी मंडळींनी केळीच्या गोदामाचं शटर पाडून भर दुपारी व्हिडिओ लावला. कॅसेट मारधाडीची म्हणून आणलेली, निघाली इंग्रजी. एक लांबोडका गोरा बगलेत बदक घेऊन धावतोय आणि समोर सगळं गाव गप्प. कौतिक तेव्हा कागद कारखान्यात दोन वर्षं हेल्परकी करून नुकताच परतला होता. साहेब लोकांत वावरलाय म्हणजे इंग्रजी येत असणारच, असं लोटूभाऊंनी ठरवून टाकलं. गावात सरपंच कोणीही असो, शब्द चालतो तो लोटूभाऊंचा. ते म्हणाले, ऊठ आणि सांग. कौतिक उठला.

त्यानं जे सांगितलं ते आजही गावाला पाठ आहे. लांबोडका म्हणजे शहापूरचा जावई, अधिक महिन्यात धोंडे जेवायला सासुरवाडीला निघालेला. बदक सासूसाठी. मग एक जाडजूड बाई यायची, ती सासू. ती जावयाला असं एकेक सुनवायची की बाया पदरात तोंड खुपसायच्या. तेव्हापासून दर करीला तोच पिच्चर. कॅसेटची सीडी झाली, सीडीचा पेन ड्राइव्ह, टीव्ही जाऊन पडदा आला, पण शेजारी उभा कौतिकच. सासूचं बोलणं दरवर्षी थोडं वाढायचं, त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. मी गावच्या शाळेत बावीस वर्षं शिकवलं, थोडंफार इंग्रजी मलाही येतं. पण सिनेमातले गोरे तोंडातल्या तोंडात काय बोलतात ते कोणाला कळतंय? मीही पोट धरून हसत होतो.

यंदा हॉलिवूडवाल्यांनी तोच पिच्चर नव्यानं काढला. हिंदीत करून बऱ्हाणपूरच्या टॉकीजला लागला. लोटूभाऊंनी दोन टेम्पो भरून गाव नेलं. कौतिक तेवढा कापणीचं निमित्त सांगून मागं राहिला. मी टेम्पोत होतो, तेव्हा कोणाला नावं ठेवायचा मला हक्क नाही. लांबोडक्याच्या जागी दंड फुगवलेला पहिलवान, बदक कॉम्प्युटरनं बनवलेलं, आणि ते बोलायचं, वर उपदेश करायचं. शब्द न् शब्द समजत होता आणि हसू कोणालाच येत नव्हतं. जाडी बाई आली ती हॉटेलची मालकीण म्हणून. खोलीची किल्ली दिली आणि गेली. सासूचा पत्ताच नाही.

लोटूभाऊ तडक मॅनेजरच्या केबिनीत. सासू का कापली, सगळा पिच्चर दाखवा म्हणाले. मॅनेजर धर्मेंद्र नावाचा तरुण. त्याला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा तो इतका हसला की बाहेरची माणसं गोळा झाली. कोणीतरी ते मोबाइलवर धरलं. दुसऱ्या दिवशी मी बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात चहाला थांबलो तर टपरीवाला विचारतो, गुरुजी, सासू सापडली का? लोटूभाऊ सत्तरीचे, चारचौघांत त्यांची अशी शोभा कधी झाली नव्हती. तरी त्यांनी मॅनेजरला सांगून ठेवलं होतं, आमच्या कौतिकला इंग्रजी येतं, सोमवारी त्याला घेऊन येतो, तोच सांगेल.

रविवारी मी कौतिकच्या घरी गेलो. त्याची मुलगी भूमिका कॉलेजात शिकते, तिनं जुना पिच्चर मोबाइलवर शोधून पाहिला होता. ती बापाच्या मागं लागली होती, "पप्पा, नका जाऊ ना. बोल दो तब्येत ठीक नाही. दो दिनात सब लोक भूल जातील." मीही अक्कल पाजळली. म्हटलं, जुन्यात सासू होती म्हणून ठोकून दे, तपासायला कोण येतंय. कौतिकनं माझ्याकडे असं पाहिलं की मला शरम वाटली.

सोमवारी तो लोटूभाऊंबरोबर मॅनेजरच्या केबिनीत गेला, टोपी काढून उभा राहिला.

"मले इंग्रजी येत नाही. कधीच येत नव्हतं," तो म्हणाला. "पिच्चरमधी सासू नव्हती, ते मी घातली. लोटूभाऊ खोटं नाही बोलले, खोटं मी बोललो. हसाचं असीन तर माह्यावर हसा. अन् मोबाइलमधी हे बी धरा."

कोणी मोबाइल काढला नाही. लोटूभाऊ उठले आणि एकटेच बस स्टँडकडे निघून गेले.

त्यानंतर दीड महिना ते कौतिकशी बोलले नाहीत. कौतिक रोज सकाळी पारासमोर थांबून रामराम करायचा, ते तोंड फिरवायचे. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर. मला त्याचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं.

करीचा पिच्चर आता संपला असं सगळ्यांनी धरलं होतं. कौतिकनं मात्र गोदाम स्वतः झाडलं, पडदा बांधला आणि घरोघरी सांगून आला, लोटूभाऊंच्या दारातही. म्हणाला, तीस वर्षं खोटं ऐकलंत, एकदा खरं ऐकून घ्या. भूमिकाला त्यानं पडद्याशेजारी उभं केलं.

पोरीनं चोख काम केलं. खोली आहे का? खोली नाही. बदक चालणार नाही. मग मी दुसरीकडे जातो. वीस मिनिटं झाली. लोक रेशनच्या रांगेत बसल्यासारखे बसून होते. मला त्या पोरीची दया आली, त्याहून जास्त तिच्या बापाची.

मागं एका क्रेटवर लोटूभाऊ बसले होते. ते कधी आले मी पाहिलंही नव्हतं.

"पोरी, बस तू आता," ते म्हणाले. "कौतिक, सासू आण."

कौतिक जागचा हलला नाही. "लोटूभाऊ, खोटं असीन ते."

"मालूम आहे मले. आण."

कौतिकनं टोपी नीट केली आणि पिच्चर पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला.