बाईंची पाठ

केडगावच्या बाई कुणाला नमस्कार करत नसत, मनगट धरत. घरात आलेल्या माणसाचा हात आपल्या हातात घ्यायच्या, तळवा एकदा वर, एकदा खाली असा फिरवून बघायच्या आणि मगच 'बसा' म्हणायच्या. पोस्टमन, दूधवाला, मतं मागायला आलेले पुढारी, कुणीच यातून सुटलं नव्हतं. एका पुढाऱ्याला त्या म्हणाल्या होत्या, "कोपर दुखतंय तुमचं. भाषणात टेबलावर हात आपटू नका." त्याचं कोपर खरंच दुखत होतं. मत मागायचं विसरून तो कोपरावर उपाय विचारत बसला.

बाई पुण्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्या केडगावला स्टेशनामागे भावाच्या घरी राहायला आल्या. पुढे भाऊ वारला आणि घरात त्या आणि भाचा विलास, असे दोघेच उरले. विलास कुरकुंभला एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता.

मी न्हावऱ्याची. शिरूरला पुतळ्यांच्या एका कारखान्यात शिकत होते. चेहरे मला चांगले जमायचे, पण मानेखाली सगळा गोंधळ. कारखान्याचे मालक आप्पा एकदा म्हणाले, "मान आली की तुझा माणूस संपतोय. केडगावच्या बाईंकडं जा. त्यांना शरीर कळतं, आपल्याला नुसती माती कळती."

पहिल्या दिवशी मी बुटांच्या खोक्यात एक मूर्ती घालून नेली. डोक्यावर कांद्याची पाटी घेतलेली बाई. मला तिचा फार अभिमान होता. बाईंनी ती खिडकीत ठेवून सगळ्या बाजूंनी पाहिली.

"लुगडं छान नेसवलंयस," त्या म्हणाल्या. "पण आत कुणी न्हाई."

मला राग आला. तो त्यांना दिसला असणार. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा दुसरा हात त्याच हाताच्या कोपराखाली ठेवायला लावला. "आता तळवा पालथा कर. इथं दोन हाडं आहेत. एक जागेवर राहतं, दुसरं त्याच्यावरून पलीकडं जातं. लागलं हाताला?"

लागलं. इतकी वर्षं तो हात माझ्याच खांद्याला होता आणि मला पत्ता नव्हता.

मग मी दर रविवारी एसटीनं चौफुल्याला उतरून केडगावला जाऊ लागले. बाईंकडे प्लास्टिकच्या हाडांनी भरलेली एक कापडी पिशवी होती. पिशवीत हात घालायचा, एक हाड धरायचं आणि न बघता ओळखायचं. ओळखलं तरी सुटका नसे. "डावं का उजवं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. "डोळे ऐकीव गोष्टी बघतात," त्या म्हणायच्या. "बोटांना चाचपून बघू दे." सवय इतकी लागली की एसटीतही मी स्वतःच्या गळ्याजवळचं आडवं हाड चाचपत बसायची. एकदा शेजारच्या आजींनी विचारलं, "लई दुखतंय का गं? दवाखान्यात तरी जायचं."

वर्षभरात माझी माणसं उभी राहायला लागली. कुठल्या पायावर भार आहे, त्यामुळे कुठला खुबा वर येतो, हे मातीत दिसू लागलं. अडलं ते पाठीपाशी. प्लास्टिकचा सांगाडा श्वास घेत नाही, वाकत नाही, थकत नाही. मला जिवंत पाठ हवी होती, आणि गावात पाठ उघडी करून कोण बसणार? मैत्रिणी हसल्या. मावशीला विचारलं, तर तिनं आईला फोन करून माझं लग्न लवकर उरकायला सांगितलं.

मी हे सगळं बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दाराला कडी घाल."

मला समजेना. त्यांनी खिडकीपाशी स्टूल ओढलं, माझ्याकडे पाठ करून बसल्या, पदर खाली घेतला आणि पोलकं काढलं.

"बाई, नको," मी म्हणाले.

"का नको? लोकांनी मेल्यावर आपली शरीरं दिली, म्हणून मी जन्मभर शिकवू शकले. मी तर जिवंत आहे, आणि नुसतं बसायचंय." त्या पुढे म्हणाल्या, "चेहरा करायचा नाही. मी आहे तोवर कुणाला सांगायचं नाही. मी गेल्यावर तुला पटेल ते कर."

बाईंची पाठ वरच्या बाजूला वाकलेली होती. उजव्या खांद्याचं पातं डाव्यापेक्षा वर आलेलं. मधले मणके, उन्हाळ्यात भीमेच्या पात्रातले दगड उघडे पडावेत, तसे एकामागून एक वर आलेले. मी बरेच रविवार काम केलं. मधे चहा व्हायचा, विलासची शिफ्ट सुटायच्या आत कडी निघायची.

काम झालं असं वाटलं तेव्हा मी ते बाईंपुढे ठेवलं. त्यांनी डोळे मिटले आणि मानेपासून खाली मातीवरून बोटं फिरवली.

"ही कोण?"

"तुम्हीच, बाई."

"न्हाई. माझी पाठ अशी असती तर मला उताणं झोपता आलं असतं. तू मला सरळ केलंस." त्यांनी डोळे उघडले. "टेबलावर वाकून वाकून ही पाठ अशी झाली. पोरांना शिकवण्यात झाली. ती पुसायला तुला कुणी सांगितलं? माझ्यावर माया असेल तर चहात साखर जास्त घाल. मातीत जे हाय तेच घाल."

मी त्यांच्यासमोरच ती माती मोडली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी वाकलेलं वाकलेलं ठेवलं, उंच आलेलं उंच ठेवलं. हात कचरला की उठून त्यांच्या पाठीवर बोट ठेवून बघितलं. शेवटी बाईंनी पुन्हा डोळे मिटून बोटं फिरवली. या वेळी ती कुठेच अडली नाहीत.

"आता मी आले," त्या म्हणाल्या, आणि पदर पाठीवर ओढून घेतला.

फूटभर उंचीची ती पाठ मी प्लास्टरमध्ये काढली आणि कारखान्यात फळीवर ठेवली. कुणी विचारलं तर 'अभ्यासाचं काम' म्हणायची. त्यानंतर मला मानेखाली भीती वाटली नाही. एका गावच्या दूध डेअरीच्या संस्थापकांचा, आबांचा, पूर्ण पुतळा माझ्याकडे आला, तेव्हा कमिटी म्हणाली, छाती रुंद करा. मी म्हणाले, "आबा खांदे पाडून चालायचे, तुम्हीच सांगितलंय. तसेच होतील." तसेच झाले. अनावरणाला बाई आल्या होत्या. भाषणं चालू असताना चौथऱ्याशी जाऊन त्यांनी पुतळ्याच्या पोटरीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "हा उभा हाय."

गेल्या हिवाळ्यात बाई न्यूमोनियानं गेल्या. दोन-तीन महिन्यांनी विलास मोटारसायकलवरून शिरूरला आला. खिशातून त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो काढला आणि म्हणाला, "ताई, आत्याचा पुतळा करायचाय. घरात ठेवाया. चेहऱ्यापुरता केला तरी चालंल."

मी फोटो हातात घेतला, पण त्याचं लक्ष फळीकडे गेलं होतं. तो उठला. प्लास्टरवर आधी नुसता तळवा ठेवला, मग अंगठा उजव्या पात्याच्या कडेनं हळूहळू खाली नेला.

"ही आत्या हाय," तो म्हणाला.

मी होय म्हणाले आणि कडी लावल्यापासूनचं सगळं त्याला सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. "शेवटी शेवटी मीच बाम लावायचो," तो म्हणाला. "हितं दुखायचं तिला. ह्या कडंला."

फोटो त्यानं परत खिशात ठेवला. "चेहरा फोटोत हाय की. मला ह्येच द्या."

मी पाठ गोधडीत गुंडाळली. विलासनं ती पुढं पेट्रोलच्या टाकीवर घेतली आणि उपरण्यानं छातीशी बांधली. न्हावऱ्याच्या पुढं रस्ता खराब होता, म्हणून मी म्हणाले, "खड्डे आहेत, हळू चालव."

"आत्या बसलीय म्हनल्यावर हळूच चालवणार की," तो म्हणाला, आणि त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.