तीन पायऱ्यांचं घर

माझं शिक्षण चौथी नापास. लिहिताना कुठं काना-मात्रा राहिला तर वाचणाऱ्यानं आपल्या पदरचा घालावा. हकिगत माझी आहे, तीत मात्र कुणी काही घालू नये.

तेव्हा मी पंचविशीचा असेन. पौडाला तहसिलीत एका कामाला गेलो होतो. ते झालं नाही. परत निघालो तर एसटीच्या थांब्यावर पुण्याची तीन माणसं उभी. एक शाळामास्तर, त्यांची बायको आणि बायकोचा भाऊ. ताम्हिणीला पायी निघाली होती. काम काय, तर काही नाही. चालायचं, वाटेत तंबू ठोकून राहायचं आणि परत यायचं. मे महिन्याची सुट्टी होती म्हणे. पायी तर आम्ही रोजच जात होतो, पण त्याला सुट्टी म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

तंबू पलटणीचा, जुन्या बाजारातून घेतलेला, बैल बसावा तसा बसला होता. मास्तर आणि मेहुणा त्याला बांबूला लटकवून न्यायला बघत होते आणि बांबू वाकत होता. मी तो डोक्यावर घेतला आणि म्हणालो, "चला, मला वाट म्हाईत हाय."

मास्तरांनी विचारलं, मुक्काम कुठं करावा. मी म्हणालो, आमच्या घरी. बाई म्हणाल्या, घरच्यांना त्रास नको. मी म्हणालो, घरी कुणी नाही, घर तळ्यात असतं. वैशाखात पाणी उतरलं की वर येतं.

बाईंनी मास्तरांकडं बघितलं.

आता खरं सांगतो. ते घर मी जन्मात बघितलं नव्हतं. धरणाचं पाणी चढलं आणि आमचा बा पौडाजवळ माझ्या मामाच्या गावाला येऊन राहिला. मी त्यानंतरचा. बा कधी परत तिकडं गेला नाही, मला जाऊ दिलं नाही. पण सांगायचा रोज. मारुतीच्या पाराकडं पाठ केली की उताराला तिसरं घर आपलं. दार उगवतीला. उंबऱ्याच्या आत जमिनीत बसवलेलं उखळ. इतकं सांगितलं होतं की मला ते घर तोंडपाठ होतं. आता बाचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेले होते. कुणीतरी जाऊन बघून त्याला सांगायला पाहिजे होतं, आणि नुसतं बघायला जातो म्हटलं असतं तर त्यानं सोडलं नसतं. पाहुण्यांना वाट दाखवायला गेलो, म्हणजे बोलायला जागा नाही. मामाच्या गावचा एक माणूस बाजारात भेटला, त्याच्याकडं निरोप दिला आणि निघालो.

दिवस कलताना तळ्यावर पोचलो. पाणी पार खाली गेलं होतं. गाळ वाळून त्याच्या खापऱ्या झालेल्या, त्यातून जोती वर आलेली. मेहुणा विचारायला लागला, वरच्या वाडीत कुणाला विचारून घ्यावं का. मी म्हणालो, सोताच्या घराचा पत्ता कुनाला इचारत्यात? पार सापडला. पाठ केली. एक, दोन, तीन. तिसरं जोतं चांगलं कमरेएवढं उंच, घडीव दगडाचं, उगवतीला तीन पायऱ्या. वर चढलो. उखळ होतं. त्यात गाळ भरला होता. तो मी हातानं काढला.

मास्तर मागच्या अंगानं चढायला लागले. मी त्यांना थांबवलं.

"मास्तर, तितं भित हाय. दारातनं या."

मास्तरांनी भिंत कुठं दिसते का ते बघितलं. मग वळसा घालून दारातनं आले. बाई पायरीशी थांबल्या आणि चपला खाली काढल्या. त्यांचं बघून बाकी दोघांनी काढल्या. मी ताठ उभा होतो. सैपाक कुठं करायचा, पाणी कुठं ठेवायचं, सगळं मी दाखवलं. दगडात खुंट्या जाईनात म्हणून तंबूच्या दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. तंबूचं तोंडही दाराच्या तोंडाला करायला लावलं. मेहुणा म्हणाला, वारा पलीकडून येतोय. म्हटलं, येऊ दे, दार हिकडंच हाय.

बाईंनी पिठलं केलं. तिसऱ्या पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "भाऊ, एवढं उंच जोतं! तुमचं घर मोठं असणार."

मी म्हणालो, गावात असं दुसरं नव्हतं.

सकाळी पाण्यावर जाऊन तोंड धुतलं. पाणी जोत्यापासून वीस पावलांवर होतं. मग त्यांना ताम्हिणीच्या वाटेला लावलं आणि मी माघारी फिरलो.

बा ओट्यावर बसला होता. पाहुण्यांचं त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "घर?"

म्हटलं, हाय. जोतं दगडासारखं हाय. उखळ हाय. त्यात मी हात घातला.

बाचं तोंड हललं. म्हणाला, "पायऱ्या किती चढलास?"

"तीन."

"आपल्याला येकच व्हती."

मग त्यानंच पुढं विचारलं,

"पारापासनं पयलं काय मोजलंस?"

सांगितलं, चौकोनी, नुसती चार दगडांची रांग.

"त्यो कोंडवाडा. गुरं कोंडायचा. त्याला घर मोजलंस." मग म्हणाला, "त्याच्याच घरात झोपलास."

त्याचा म्हणजे बाच्या चुलतभावाचा. त्यानं जोतं दोन हात उंच बांधलं आणि त्याच्या अंगणातलं पाणी आमच्या घरात यायला लागलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. गाव उठलं तेव्हाही दोघं दोन वाटांनी गेले. आमचं घर त्याच्या खालच्या अंगाला, वीस पावलांवर. उगवतीचं दार आणि उखळ दोन्ही घरांना सारखंच.

बानं विचारलं, जागा कोरडी होती का. होती म्हणालो.

"असनारच," बा म्हणाला. "त्याला कितींदा म्हनलो, येवढं जोतं कशाला."

पुन्हा त्यानं घराचं सांगितलं नाही. पुढच्या थंडीत गेला.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात मास्तर आणि बाई परत आले. म्हणाले, तुमच्या घरी मुक्काम करायचाय. खरं सांगावं असं मनात आलं, पण एकदा दाखवलेलं घर बदलून दाखवायचं म्हणजे काय. नेलं. पाणी तेवढंच होतं. बाईंनी पायरीशी चपला काढल्या, दारातनं आत गेल्या.

मी वीस पावलं मोजत खाली पाण्यावर गेलो. काठाशी वहाणा काढल्या आणि पाण्यात पाऊल टाकलं.

बाईंनी वरनं विचारलं, वहाणा तिथं का काढल्या.

म्हटलं, चिखुल हाय.