वर्सोव्याच्या वाऱ्यावर सुकवलेली पुस्तकं

वडिलांच्या चपलेला केस उगवले होते.

पांढरे, मऊ, उभे केस. आईनं दारामागून चपला काढल्या आणि तशीच हातात धरून उभी राहिली. फुंकर मारली की केस एका बाजूला झुकायचे. "हे काय वो?" तिनं वडिलांना विचारलं. वडील ऑफिसला निघाले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चप्पल डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "जिवंत दिसतंय."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडिलांची जालन्याहून मुंबईला बदली झाली होती आणि मे महिन्यात आम्ही अंधेरीला, चार बंगला भागाच्या पुढं एका सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मी दहा वर्षांची. आमच्याकडं जालन्याला लाकूड तडकायचं, ओठ फुटायचे, धुतलेली साडी दोरीवर टाकून मागं वळावं तोवर वाळलेली असायची. वस्तू ओली राहून खराब होते हे आम्ही ऐकूनही नव्हतो. आषाढ लागला आणि चपलांच्या पाठोपाठ कमरेचा पट्टा, मग पोळपाट, मग कपाटामागची भिंत, एकेक करून सगळ्याला काहीतरी फुटायला लागलं. भिंतीवर आधी काळे ठिपके आले. आठवड्यात ते एकमेकांना मिळाले आणि हिरवट काळा नकाशा झाला.

आईला सुरुवातीला राग आलाच नाही. ती मला बोलावून दाखवायची. "बघ गं, काल इथवर होतं, आज इथवर. ना माती, ना बी. कशाच्या जिवावर वाढतंय?" ज्या मुलखात पेरलेलं बी उगवेल याची खात्री नसते, तिथून आलेली बाई ती. न पेरलेलं उगवताना बघून ती थक्क व्हायची.

मग एक दिवस वरच्या मजल्यावरच्या काकू साखर मागायला आल्या. भिंतीकडं बघून म्हणाल्या, "मुंबईत जरा स्वच्छता ठेवावी लागते हं." साखर घेऊन त्या गेल्या. आई आमच्याकडं पाठ करून ओट्याशी उभी राहिली. आमच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे वाक्य नुसतं भिंतीबद्दल आहे असं कधीच वाटत नाही, हे मला फार पुढं कळलं.

त्या दिवसापासून तिनं भिंतीशी वैर धरलं. रोज सकाळी कोरड्या केरसुणीनं भिंत झाडायची. हिरवी पूड खोलीभर उडायची, आम्ही शिंकायचो, आणि चार दिवसांत समोरच्या भिंतीवरही ठिपके दिसायचे. पावसाची हवा आत येऊ नये म्हणून तिनं सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. ओले कपडे आतल्या खोलीत दोऱ्या बांधून वाळत घातले. गावाकडच्या सवयीनं कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवला, तर पंधरा दिवसांनी त्या पाल्यालाच बुरशी आली. तो पाला तिनं मला आणून दाखवला. "कडुनिंबाला सुद्धा सोडलं नाही, माय."

पाला बघायला कपाट उघडलं म्हणून आतली पुस्तकं दिसली. वडिलांची सत्तरएक पुस्तकं होती. कायद्याची, इतिहासाची, भाषणांचे जाडजूड ग्रंथ, दोन शब्दकोश. एकेक करून, फूटपाथवरून, जुन्या बाजारातून घेतलेली. माझ्या आजोबांना सही येत नव्हती, अंगठा उठवायचे. बिऱ्हाड हलवताना भांड्यांच्या आधी पुस्तकांची पेटी ट्रकमध्ये चढली होती. आता त्यांच्या पुठ्ठ्यांवर राखाडी लव आली होती. पानं फुगली होती. एक ग्रंथ वडिलांनी उघडायला घेतला तर पानं एकमेकांना धरून बसली होती, सुटेनात. त्यांनी तो तसाच मांडीवर ठेवला. भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीकडं त्यांनी त्या संध्याकाळी मान वर करून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोळीण आली. ती आठवड्यातून दोनदा यायची, वर्सोव्याहून चालत, डोक्यावर टोपली. साठीची असेल, पण मान अशी ताठ की टोपली तिला जड आहे असं वाटायचंच नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागलेल्या, त्यामुळं तिच्याकडं सुके बोंबील आणि जवळा असायचा. आईनं बोंबील हातात घेतला आणि तो सहज वाकवला. कट्‌कन दोन तुकडे झाले.

आई त्या तुकड्यांकडं बघतच राहिली. बाहेर धो-धो पाऊस. आमच्या घरात मीठ पाण्यासारखं वाहत होतं, काडेपेटीतली काडी पेटत नव्हती, आणि हा समुद्रातला मासा काडीसारखा मोडत होता.

"मावशी, हा असा कोरडा कसा राहिला?" आईनं विचारलं.

कोळीण हसली. मग तिनं आमच्या दारातून नाक आत केलं. "बाय, तुजे घरान बुरा आलाय ना?"

आई ओशाळली. बुरशीचा वास दारापर्यंत जातो हे तिला माहीत नव्हतं. बिल्डिंगमध्ये कुणीही त्या बाईला उंबऱ्याच्या आत घेत नसे. मासळी दारात, पैसे दारात. आई बाजूला सरली आणि म्हणाली, "आत या. बघा तुम्हीच."

टोपली बाहेर ठेवून, पाय पुसून ती आत आली. भिंतीला तिनं तळवा लावला. मग कपाटाच्या मागं बोटं घालून पाहिली. ती जातच नव्हती, कपाट भिंतीला चिकटलेलं. तिनं आपल्या लुगड्याच्या काठाचा एक सुटलेला दोरा तोडला आणि खोलीच्या मध्यभागी चिमटीत धरला. दोरा सरळ लोंबत होता, अजिबात हलला नाही.

"बगलास? मेलेला वारा," ती म्हणाली. "खिडक्या लावून घराचा गला दाबलास तू. सैपाकाची वाफ, ओले कपडे, तीन मानसांचा श्वास, सगला आतच. पावसाला कशाला नावं ठेवतेस?"

"पण हवाच ओली आहे ना, मावशी."

"ओली असंल. चालती हाय ना? ओला वारा चालता असला तर बुरा बसत नाय. बसलेला वारा वाईट." मग तिनं मला स्वयंपाकघराची खिडकी उघडायला सांगितली आणि स्वतः समोरच्या खोलीची उघडली. "एकीनं काय होत नाय. वाऱ्याला यायला येक दार आनि जायला येक."

तिनं दोरा पुन्हा धरला. आधी तो थरथरला. मग हळूहळू तिरका झाला आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं आडवा तरंगायला लागला. मी श्वास रोखून बघत होते. खोलीतून काहीतरी चाललं होतं, इतके दिवस आमच्या दाराबाहेर थांबलेलं, आणि या बाईला ते दिसत होतं.

आईनं तिला चहा दिला. तो आमच्याबरोबर बसून पिता पिता तिनं सगळं सांगितलं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढ. कपडे बाहेरच्या गॅलरीतच टाक, उशिरा वाळले तरी चालतील. भिंत कोरडी झाडू नकोस, बुरा उडून दुसरीकडं बसतो. तोंडाला फडकं बांध, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कापड पिळून पूस आणि ते कापड टाकून दे. पावसाळा सरला की हा गुळगुळीत रंग खरवडून काढ आणि चुना लाव.

"चुना?" आई एकदम सावरून बसली. "चुना तर आम्ही गावाकडं दर वर्षी लावतो. कळीचा, घरी विझवून."

"मग तुला म्हाईत हाय सगला," कोळीण म्हणाली. "इतं इसरलीस फकस्त."

मला वाटतं, त्या एका वाक्यानं काकूंच्या वाक्याचा अर्धा सल गेला.

मग कोळीण पुस्तकांकडं वळली. एक उचलून तिनं हुंगलं, बोंबील हुंगतात तसं. "आता नाय सुकनार ती. पंख्याखाली उभी ठेव, पानं उघडून. नुसती जगव. दसऱ्याच्या आसपास वारा फिरंल, जमिनीवरनं येल, कोरडा. तवा वेसाव्याला आन माझे आंगनान."

तेव्हापासून घरातली एकुलती एक खाट पुस्तकांना गेली. सत्तर पुस्तकं पंख पसरलेल्या कबुतरांसारखी त्यावर उभी, वर दिवसभर पंखा, आणि आम्ही सगळे खाली जमिनीवर. वडील ऑफिसातून आले की हात-पाय धुऊन एकेका पुस्तकाची पाच-पाच पानं सुटी करायचे. ते हे काम शाळेतल्या मुलासारखं जीभ बाहेर काढून करायचे.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दोन ट्रंका रिक्षात घालून आम्ही वर्सोव्याला, म्हणजे तिच्या वेसाव्याला, गेलो. मी समुद्र पाहिला होता, पण कोळीवाडा नव्हता पाहिला. वाळूत उंच बांबू रोवलेले, त्यांना आडव्या दोऱ्या, आणि त्यांवर जोडीजोडीनं, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले हजारो बोंबील. उन्हात चांदीसारखे. कोळणीनं एका बाजूच्या दोऱ्या रिकाम्या ठेवल्या होत्या, धुऊन, नव्या. त्यांच्यावर जुन्या शिडाचं कापड ताणून सावली केलेली. "ऊन नको, पानं पिवली पडतील. वारा पुरे."

वडिलांनी तोंडाला रुमाल बांधला, वाऱ्याकडं पाठ केली आणि आपल्या दाढीच्या ब्रशनं एकेक पुस्तक झाडलं. राखाडी पूड उडून समुद्राच्या दिशेनं जायची. झाडलेलं पुस्तक आई दोरीवर पालथं टाकायची, साडी टाकावी तसं. बाकीच्या कोळणीही आल्या. एकीनं पुस्तक घेण्याआधी हात धुतले, पदराला पुसले, मगच घेतलं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

सत्तर पुस्तकं टांगून झाली आणि वारा जोरात आला. एकाच वेळी सगळी पानं हलायला लागली. तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही. पानांचा, पंखांचा, टाळ्यांचा, यातला कुठलाच नव्हता. आम्ही सगळे हातातलं काम सोडून उभे राहिलो. माझ्या वडिलांनी रुमाल काढला. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवत नव्हते.

कोळीण एका जाड ग्रंथाकडं बोट दाखवून म्हणाली, "यान काय लिवलंय?"

"कायदा आहे, मावशी. माणसानं माणसाशी कसं वागावं, ते."

"त्याला पुस्तक लागतंय?"

वडील हसले. मग विचार करून म्हणाले, "लागतं, मावशी."

तिनं मान डोलावली आणि त्या ग्रंथाची घसरलेली बाजू नीट करून पुन्हा दोरीवर ठेवली.

चार दिवस पुस्तकं तिथं होती. रात्री कोळीण आणि तिच्या सुना ती उचलून घरात न्यायच्या, सकाळी पुन्हा टांगायच्या. पाच पुस्तकं जगली नाहीत. त्यांची पानं शेवटपर्यंत सुटली नाहीत. बाकीच्यांवर तपकिरी डाग कायमचे राहिले, आणि बोंबलाचा वास दोन-तीन वर्षं गेला नाही. वडिलांचे मित्र पुस्तक उघडून नाक मुरडायचे, तेव्हा वडील ते मुकाट्यानं त्यांच्या हातातून काढून घ्यायचे.

दिवाळीआधी आईनं भिंती खरवडून चुना दिला. पुढच्या आषाढात आमचं घर बिल्डिंगमधल्या कुठल्याही घराहून कोरडं होतं, एक कोपरा सोडून. तिथं बाहेरचा पाइप पाझरायचा, आणि तक्रार करून करून वडील थकले. दर शनिवारी आई सोड्याच्या पाण्यानं तो हातभर तुकडा पुसायची, आणि दर शनिवारी पुसण्याआधी क्षणभर थांबून तो बघायची. "बघ गं," ती म्हणायची, "आज याला निळं फुटलंय."