आसरांचा पहिला तांब्या

वाटणी झाली तेव्हा रान, गोठा, भांडीकुंडी सगळ्याचे दोन वाटे पडले. विहीर तेवढी सामाईक राहिली. माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या आक्का, यांच्याविषयी माझ्या मनात जी जळजळ होती, तिची मात्र काही वाटणी झाली नाही. ती सगळीच्या सगळी माझ्या पदरात आली.

निरगुडसरच्या मळ्यात आमची दोन्ही घरं एका बांधाच्या अल्याड-पल्याड. माझं शिवणकाम, त्यांचा गोठा. त्यांची गाय व्याली की कालवडच व्हायची, आमच्या गाईला नेमका गोऱ्हा. त्यांचा पोरगा पुण्यात कंपनीत लागलेला. आता हे सगळं मला शेजारून दिसत होतंच, पण तेवढ्यावर माझं भागेना. सकाळी डोळे उघडले की हात आधी मोबाईलवर जायचा, आणि मोबाईलवर आधी आक्कांचं स्टेटस. आज कालवडीच्या गळ्यात घुंगरू, उद्या दारातली रांगोळी, परवा शेवंतीचा ताटवा. ते बघून अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मग उठावंसंच वाटायचं नाही. लग्नसराईचे ब्लाऊज मशीनवर ढीग होऊन पडलेले, बाया दारात येऊन बोलून जायच्या, काहींनी तर कापड परत नेलं. हातचं काम असं निसटत चाललं होतं आणि मी आपली भिंतीला टेकून दुसरीची कालवड बघत बसलेली. मालक विचारायचे, तुला दुखतंय तरी कुठं? दुखत होतं पोटात, पण त्याला औषध कुठल्या दुकानात मिळतं?

अशात बचत गटाच्या बैठकीला मंचरहून एक मॅडम आल्या. त्यांचं सांगणं असं, की मन उदास राहत असेल, कामं उरकत नसतील, तर सगळं एकदम बदलायला जाऊ नका. एकच बारीकशी गोष्ट धरा आणि रोज, न चुकता करा. मग त्यांनी एकेकीला विचारलं. कुणी चालायला जाईन म्हणाली, कुणी चार ओळी वाचीन म्हणाली. आक्कांची पाळी आली तशा त्या म्हणाल्या की मी उजाडायच्या आत विहिरीवरच्या साती आसरांना, म्हणजे पाण्याच्या सात देवींना, तांब्याभर पाणी घालते, मग दिवस सरळ जातो. मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या. माझ्या मात्र डोक्यात उजेड पडला. हे होय यांच्या भरभराटीचं गुपित! विहीर दोघींची, कडेला शेंदूर लावलेले ते सात दगड दोघींचे, आणि कृपा एकटीनंच लाटायची? मोटारीची पाळी ज्याची आधी, त्याचं रान आधी भिजतं. तसंच इथंही असणार, जिचं पाणी आधी तिला देवी आधी पावणार, हे माझ्या मनानं पक्कं धरलं.

दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केलं. भक्ती कसली, निव्वळ हेवा. तांबडं फुटायला गेले तर सातही दगड ओले. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी लवकर उठले, तरी ओले. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, म्हणून एका हातात बॅटरी आणि तांब्या, दुसऱ्या हातात काठी आपटत मी निघायची. तोंडानं नाव आसरांचं आणि मनात शिव्या जाऊबाईंना. पोचावं तर दगडांवरून पाणी निथळतंय आणि आक्का लांब गोठ्याकडे वळलेल्या. मग त्यांच्या ओल्या दगडांवर माझं उरलंसुरलं पाणी घालायचं आणि परत यायचं. रोजचं हे हरणं. पण हटले नाही मी.

या चढाओढीत एक गोष्ट माझ्या नकळत होत होती, ती मला फार उशिरा कळली. उठल्या उठल्या हातात मोबाईलऐवजी तांब्या यायला लागला. स्टेटस बघायचं ते परत आल्यावर, चहा पिताना. चालून आल्यावर अंग मोकळं झालेलं असायचं, झोपायची सोय नव्हती, म्हणून मी मशीनवर बसायची. सकाळच्या उजेडात टाका सरळ पडतो. घरातली माणसं उठेपर्यंत एक ब्लाऊज हातावेगळा व्हायचा. ढीग हळूहळू खाली आला. राजुरीला दिलेली माझी लेक रोज फोन करते, ती एकदा म्हणाली की आई, तुझा आवाज बदललाय, हल्ली रडका नाही येत. मी म्हटलं असेल. देवीला त्याचं श्रेय द्यायचं माझ्या मनात आलं नाही, कारण माझा डाव अजून साधला नव्हता. पाण्यात पहिली नाही तर नैवेद्यात तरी वरचढ व्हावं, म्हणून मी पदराच्या गाठीला गुळाचा खडा बांधून न्यायला लागले.

आणि एका सकाळी दगड कोरडे होते.

मी बॅटरी फिरवून फिरवून पाहिलं. सातही कोरडे, कालचं कुंकू तसंच. काय आनंद झाला म्हणून सांगू! सावकाश, एकेकीला अंघोळ घातल्यासारखं पाणी घातलं. कुंकू लावलं, फूल वाहिलं. उजाडलं तसा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, म्हणजे आक्कांना दिसावं की आज पहिली कोण. मिरवतच घराकडे वळले. बांधापर्यंत आले आणि पाय थांबले. गाई हंबरत होत्या. आक्कांच्या गाई या वेळेला कधी हंबरत नाहीत, तोवर त्यांची धार निघालेली असते. मला माझ्या घरी जायचं होतं, ढीगभर काम होतं. पण पाय काही तिकडे वळेनात. का, ते मला आजही सांगता येत नाही.

आक्का गव्हाणीपाशी पडल्या होत्या. अंग घामानं चिंब, डोळे अर्धवट उघडे, पण ओळख नाही. भावजी टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात गेलेले, घरात दुसरं कुणी नाही. आक्कांना साखरेचं दुखणं, आदल्या दिवशी उपास धरलेला आणि गोळी मात्र घेतलेली. माझ्या आईचंही असंच व्हायचं, म्हणून साखर उतरल्याचं लक्षण ओळखलं. गोड हवं होतं, आत्ता, या क्षणी. घरात शोधायला पळणार तेवढ्यात पदर जड लागला. गूळ! फोटोच्या नादात नैवेद्य दाखवायचाच राहून गेला होता. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि गूळ कुस्करून थोडा थोडा हिरड्यांना लावत राहिले. तोंडानं एकच चाललेलं, बायांनो, मी हिच्यावर जळले, पण हिला नेऊ नका. गूळ विरघळला तशा त्या गिळायला लागल्या. तेवढ्यात दूध गोळा करणारा टेम्पो नेहमीसारखा दारात आला. तो पोरगा आणि मी, दोघांनी उचलून त्यांना गाडीत घातलं आणि मंचर गाठलं. वेळेवर आणलंत, एवढंच डॉक्टर म्हणाले.

दुपारी त्या बोलत्या झाल्या. मी खाली मान घालून बसलेले. मनात आलं, आता सांगून टाकावं की मी तुमच्या वाईटावर होते. पण बोलायला आधी त्यांनीच सुरुवात केली.

"तुझी लेक तुला रोज फोन करती, मला लई हेवा वाटायचा बघ. आमचा पोरगा फोन करत न्हाई. स्टेटस तेवढं बघतो. म्हणून टाकायची मी रोज काहीतरी. त्यानं बघितलं की समजायचं, पोरगं उठलं, बरं हाय."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

त्या पुढं म्हणाल्या, "पण बघणाऱ्यांत त्याच्या आधी रोज तुझंच नाव यायचं. बरं वाटायचं गं. वाटायचं, उठल्या उठल्या कुणीतरी आपली खबर घेतंय."

माझा हेवा त्या माउलीनं माया म्हणून घेतला होता. मी त्यांचा हात धरून रडले, आणि त्या समजल्या की मी घाबरले होते म्हणून रडतेय. मी त्यांना तसंच समजू दिलं.

त्या घरी पडून होत्या तोवर रोज पहाटे पहिला तांब्या मी घातला, तो त्यांच्या नावानं. पहिली व्हायला मी काय काय केलं होतं! ते मिळालं तेव्हा हातात नुसतं पाणी आणि जिवाला घोर. मागितलं होतं काय आणि आसरा आयांनी माझ्याकडून करवून घेतलं काय. मी फक्त तांब्या उचलत होते, पाणी कुठं जायचं ते त्यांनी ठरवलं. नैवेद्यसुद्धा त्यांनी आपल्याला हवा तिथं पोचवला. तेव्हापासून मी मागणं सोडलं. जाते, पाणी घालते, येते. ब्लाऊज वेळेवर होतात.

हेवा पुरता गेला, असं म्हणाले तर आसरा हसतील. आक्कांच्या नव्या कालवडीवर माझा डोळा आहेच. पण आक्का बऱ्या झाल्या आणि पुन्हा माझ्याआधी उठायला लागल्या. आता मी काठी आपटत विहिरीवर जाते, बॅटरी मारते, आणि सातही दगड ओले दिसले की जिवात जीव येतो. आक्का उठल्या, बऱ्या आहेत. मग माझा दुसरा तांब्या मी घालते आणि हात जोडते.