सळईचे दुसरे टोक

शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, एका फाउंड्रीच्या भिंतीला पाठ लावून भरमाप्पांचे पत्र्याचे गॅरेज उभे होते. जुनी फोर-व्हील जीप घेणारा माणूस गडहिंग्लजचा असो की मलकापूरचा, सौदा पक्का करण्याआधी गाडी तिथे आणत असे. गाडीचे कागद बघणारे पुष्कळ होते. गाडी ऐकणारे भरमाप्पा एकटेच, अशी त्यांची ख्याती होती.

पद्धत ठरलेली होती. चारी चाके जमिनीपासून उचलून गाडी लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर चढवायची, इंजिन चालू करून चारी चाके त्याला जोडणारा फोर-व्हीलचा दांडा टाकायचा. चाके हवेत फिरू लागली की भरमाप्पा एका लांब पोलादी सळईचे टोक कानामागच्या हाडाला लावून, डोळे मिटून उभे राहत. दुसरे टोक त्यांचा मेकॅनिक मृत्युंजय आधी गिअरबॉक्सला, मग पुढच्या ॲक्सलला, शेवटी मागच्या ॲक्सलला टेकवी. तेवढा वेळ कुणी खोकतसुद्धा नसे. मग निकाल येई. तो खासगीत कधीच येत नसे. एका निवृत्त फौजदाराला त्यांनी वीस माणसांदेखत सांगितले होते, “साहेब, ही गाडी न्हाई, प्रेत हाय. तुमी फकस्त धुऊन आणलंय.” फौजदार मान खाली घालून परत गेले. भरमाप्पांनी तो प्रसंग पुढे वर्षभर येईल त्याला रंगवून सांगितला.

वस्तुस्थिती अशी होती की गेली सहा वर्षे त्या सळईतून भरमाप्पांना नुसती थरथर जाणवत होती. चाळीस वर्षांच्या इंजिनांनी आणि फाउंड्रीच्या घणांनी त्यांचे कान खाऊन टाकले होते. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून ते बोलणे निभावून नेत. हे फक्त मृत्युंजयला ठाऊक होते. गाडीतले दुखणे तोच ऐके आणि सळईवर नखाने टिचक्या मारी. एक टिचकी म्हणजे गिअरबॉक्स, दोन म्हणजे पुढचा ॲक्सल, तीन म्हणजे मागचा. टिचकी नसली तर गाडी निर्दोष. टिचकी हाडात उतरे आणि भरमाप्पांचा शब्द चहूकडे जाई.

या उपकाराची फेड त्यांनी स्वतःच्या रीतीने केली. अठराचा पाना कुठे आहे असे विचारल्यावर मृत्युंजय लगेच उत्तर देई, ते ऐकू न आल्याने भरमाप्पा पुन्हा ओरडत, आणि लोकांनी काही ताडू नये म्हणून वर म्हणत, “बहिऱ्या, कान हायत का नुसती बिळं?” लोक हसत. हळूहळू चहाच्या टपरीपासून सुट्या भागांच्या दुकानापर्यंत मृत्युंजय ‘बहिऱ्या’ झाला. सळई हातात देताना मात्र भरमाप्पा हळूच “तम्मा” म्हणत. सरहद्दीकडच्या आपल्या घरात धाकट्या भावाला मारायची ती हाक ते एरवी कुणालाच मारत नसत.

माघात निपाणीकडून मृत्युंजयला स्थळ आले. सौंदर्या ही एकुलती एक मुलगी. तिच्या वडिलांचे गॅरेज होते आणि ते जावयाच्या हाती द्यायचे होते. मुलाची चौकशी करायला ते भरमाप्पांकडेच आले. चहाचा पेला हातात धरून भरमाप्पांनी क्षणभर विचार केला. मृत्युंजय निपाणीला गेला की सळईचे दुसरे टोक मुके होणार होते.

“पोरगं गुणाचं हाय की,” ते म्हणाले. “पर पावणं, तुमच्यापासनं काय झाकायचं? गावानं बहिऱ्या नाव काय उगंच ठेवलंय व्हय?”

स्थळ मोडले. मृत्युंजयने पंधरा दिवस काही विचारले नाही. वेळेवर येई, टिचक्या मारी. त्याला काही कळलेले नाही, अशी भरमाप्पांनी स्वतःची समजूत घातली.

बुधवारी सकाळी राजवीर नावाचा दलाल एक जीप घेऊन आला. घेणारी सोनल सोबत होती. कबनूरच्या एका माग-कारखानदाराची ही मुलगी पशुवैद्य होती. मलकापूरला नेमणूक झाल्यामुळे डोंगरातल्या वाड्यांवर जायला तिला अशी गाडी हवी होती.

“भरमाप्पाकाका, तुम्ही चांगली म्हणालात तरच घेणार,” ती समोर येऊन म्हणाली.

“म्हंजे ह्येचं कल्याण झालं,” भरमाप्पांनी राजवीरकडे बोट केले. “ह्येनं आजवर एक धड गाडी विकली असंल तर ह्या मिशा उतरवतो.”

टपरीवरचे दहाबारा जण येऊन उभे राहिले. राजवीर स्टीअरिंगवर बसला, चाके फिरू लागली. भरमाप्पांनी सळई हाडाला लावून डोळे मिटले. गिअरबॉक्सवर टिचकी आली नाही. पुढच्या ॲक्सलवरही नाही. मग सळई नेहमीप्रमाणे बाजूला सरकली, भरमाप्पा तिच्याबरोबर वळले, आणि हाडात एकामागून एक तीन टिचक्या उतरल्या.

त्यांना हसू फुटले. डोळे न उघडताच त्यांनी सुरुवात केली.

“राजवीर, मागचा ॲक्सल रडतोय रं. बिअरिंग भुगा झाल्यात. ह्या घटकंला ऐकतोय मी, कसं कण्हतंय बघ. तुमाला ऐकू येत न्हाई न्हवं, डॉक्टरीणबाई? त्याला कान लागतोय. जल्मात एकांद्यालाच मिळतोय तसला.”

आता राजवीर गयावया करेल, म्हणून त्यांनी डोळे उघडले. जीपची चाके थांबलेली होती. मृत्युंजयच्या खुणेवरून काढलेली किल्ली राजवीरच्या हातात होती. भरमाप्पांची नजर कानापासून सळईवरून पुढे गेली. सळईचे दुसरे टोक गाडीला टेकलेलेच नव्हते. ते भिंतीशी धडधडणाऱ्या हवेच्या कॉम्प्रेसरवर होते आणि मृत्युंजयने ते नीट दोन्ही हातांनी धरले होते.

मृत्युंजय उठला. त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून, तान्ह्या मुलाशी बोलावे तसे ओठ फाकवत तो म्हणाला, “आण्णा. गाडी. बंद. हाय.”

मग माणसे हसली. भरमाप्पांना उघडी तोंडे आणि हलणारी पोटे दिसली. एकाने कानाला हात लावून नक्कल केली. राजवीर बॉनेटवर थापा मारत होता.

“सौंदर्याच्या बाला धाडू का सांगावा?” मृत्युंजय तसाच सावकाश म्हणाला. “बहिऱ्या सापडला म्हणून?”

एकटी सोनल हसली नाही. गाडी कोण तपासणार, असे तिने विचारले. मृत्युंजयने पुन्हा इंजिन चालू करायला लावले, सळई स्वतःच्या कानाला लावली आणि गाडी चांगली असल्याचे सांगितले. गाडी घोड्यांवरून खाली उतरवली. शेवटची परीक्षा राहिली होती. चारी चाके जोडलेली असताना कोरड्या सिमेंटवर गाडी पूर्ण वळवली की पुढची-मागची चाके एकमेकांना अडवतात, गाडी अडखळत वळते. गुळगुळीत वळली तर पुढची चाके मेली समजावे. ही परीक्षा भरमाप्पा स्वतः गाडी चालवून घेत. मृत्युंजयने त्यांना बोटाने सीट दाखवली.

ते बसले. मृत्युंजय पुढे उभा राहून गुरे हाकावीत तसे हातवारे करू लागला आणि ते त्या हातांप्रमाणे स्टीअरिंग फिरवत गेले. चाके भांडली. जीप आचके देत वळली. पण पूर्ण डावीकडे वळवताना डाव्या तळहाताला एक बारीक, निसटता झटका बसला. दुसऱ्या फेरीत पुन्हा बसला. चाके अडखळल्याचा आचका असा नसतो. चाकाच्या सांध्यातली पिन झिजली होती. घाटातल्या एखाद्या वळणावर चाक हातचे जाणार होते. फाउंड्रीच्या गोंगाटात बाहेर उभ्या कुणाला ते ऐकू येणे शक्य नव्हते.

उतरून ते म्हणाले, “डाव्या अंगाला...”

मृत्युंजयने हात वर केला. “बसा आण्णा. ऐकलंय मी.” मागे पुन्हा तोंडे उघडली.

ते स्टुलावर जाऊन बसले. निघताना सोनल त्यांच्यासमोर आली. तिचे ओठ त्यांना स्वच्छ वाचता आले.

“काका, तुमच्या हाताला काय वाटलं? नेऊ ना गाडी?”

भरमाप्पांनी तिच्याकडे पाहिले, मग तिच्या खांद्यावरून मृत्युंजयकडे.

“मला काय इचारता?” ते म्हणाले. “ज्येला कान हायत त्येला इचारा.”

तिने मान डोलावली आणि किल्ली घेतली. फाटकातून बाहेर पडताना जीप डावीकडे वळली. भरमाप्पांचा मांडीवरचा डावा तळहात आवळला गेला, आणि ती रस्त्याला लागेपर्यंत तसाच राहिला.