शाळेच्या वाटेवरची तीन कुत्री

१९४६ साल, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तो सोमवार. वेळ सकाळची.

हजर: मी. धाकटी लेक, वय सहा, पहिलीत. सासूबाई, फक्त दारापर्यंत. आमची कुत्री, पांढरी, एक कान तपकिरी, अंगानं मांजरापेक्षा थोडीच मोठी. वस्तीवरची तीन कुत्री, एक काळं, एक पिवळं, एक ठिपक्यांचं. गैरहजर: हे. पाण्याची पाळी चालू असल्यानं पहाटेच सायकल काढून पाटावर गेलेले.

कोण कोण होतं ते आधी लिहून ठेवायची मला सवय आहे. काही बिघडलं की मागाहून जो तो म्हणतो, मी तिथं नव्हतोच.

आम्ही तेव्हा कोल्हारपासून जरा आत, पाटाच्या चौकीशेजारच्या सरकारी खोल्यांत राहत होतो. हे पाटबंधारे खात्यात कारकून. दिवाळीपर्यंत लेकीला ते सायकलवर बसवून सडकेनं शाळेत सोडत. आता पाळी सुरू झाल्यावर त्यांचा काही नेम राहिला नाही, तेव्हा शाळेत सोडायचं काम माझ्याकडे आलं. सडकेनं पायी जायचं म्हणजे लांबचा वळसा. जवळची वाट चारीच्या, म्हणजे पाटातून शेतांकडे फुटलेल्या लहान कालव्याच्या काठाकाठानं, उसाच्या फडांमधून जाते. निम्म्या वाटेवर एका शेतकऱ्याची वस्ती आहे, चार खणांचं घर, गोठा आणि भोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण. तिथं ही तीन कुत्री.

त्या दिवशी वस्ती जवळ आली तशी ती भुंकायला लागली. कुत्री भुंकणारच, त्यात विशेष काही नव्हतं. आमची जरा पुढं जाऊन कुंपणाशी काहीतरी हुंगत होती. मी तिला नेहमीसारखी हाक मारली. लेकीनंही मारली. त्याबरोबर तिन्ही कुत्री कुंपणाच्या फटीतून बाहेर आली आणि थेट आमच्या कुत्रीवर पडली. मी आणखी मोठ्यानं हाका मारल्या. तशी ती जास्तच खवळली. लेक पळायला गेली आणि घसरून चारीत पडली. पाणी गुडघाभर होतं, पण पाटी फुटली. मी छत्रीनं काळ्याला हाणलं, आमचीला पदरात गुंडाळून उचललं, दुसऱ्या हातानं लेकीला बाहेर ओढलं आणि घरी परत आले.

लेकीला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. आमचीच्या मागच्या मांडीत दात रुतले होते. जखम साबणाच्या पाण्यानं खूप वेळ धुतली, मग तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर माणसांचे, पण त्यांनी पाहिली. म्हणाले, "वस्तीवरची कुत्री खातायत, पितायत, नेहमीसारखी हिंडतायत ना, ते रोज बघत चला. एखादं बिघडलेलं दिसलं तर लगेच माझ्याकडे या. आणि हिची जखम पोरीच्या हाताला लागू देऊ नका."

हे काम नेमून दिलं ते बरंच झालं. रोज एकदा वस्तीपर्यंत जाऊन लांबून कुत्री बघून यायचं. तिन्ही ठणठणीत होती. मला बघून भुंकत, पण जागची हलत नसत. मी एकटी असले की ती बाहेर येत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. का, ते कळत नव्हतं.

खरा प्रश्न घरात होता. लेक शाळेत जायला तयार नव्हती. सकाळ झाली की कुत्रीला मिठी मारून चुलीमागं बसायची. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे शाळा. पोरीची जात. घरीच धुळाक्षरं गिरवील. तू आहेस की शिकवायला."

सासूबाई मनानं वाईट नव्हत्या. पण हे 'राहू दे' मी आधी ऐकलेलं होतं. माझी शाळा चौथीत सुटली ती घरात कुणाच्या तरी आजारपणासाठी, चार दिवसांपुरती. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. लेकीच्या वर्गात मुली होत्याच मोजक्या. शाळेतल्या मास्तरांनीही निरोप पाठवला होता की पोर अशीच घरी राहिली तर पटावरून नाव काढावं लागेल. तेव्हा मी ठरवलं, संक्रांतीच्या आत ही पोर त्याच वाटेनं शाळेत जाईल.

कुत्रीला घरी बांधून ठेवावं, असं कुणीही सुचवेल. सासूबाईंनी सुचवलंच. लेक म्हणाली, "ती नाही तर मी नाही." एकदा बांधून पाहिलं. लेक उंबऱ्यावर पालथी पडून राहिली. तो विषय मिटला.

मग मी एकेक उपाय घेतला. आधी भाकरी. शिळ्या भाकरीचे तुकडे ओटीत घेऊन गेले आणि वस्तीजवळ आल्यावर लांब फेकले. पहिल्या दिवशी छान जमलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही कुत्री माझी वाट बघत चारीवर येऊन उभी. तुकड्यांवरून त्यांची आपसातच जुंपली, आणि मी मध्ये. भाकरी बंद.

काठी. काठी उगारली की पिवळं मागं सरे, पण काळं पुढं येई. काठी खाली धरलेली बरी, असं ठरलं. छत्री मात्र उपयोगी पडली. कुत्र्याच्या तोंडासमोर फटकन उघडली की ते थबकतं, आणि उघड्या छत्रीमागं पोर आणि कुत्री दोन्ही झाकली जातात. खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं, हाही चांगला उपाय, दगड हातात नसला तरी चालतो. लेकीला मी अंगणात शिकवलं की पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात पोटाशी घ्यायचे, कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही आणि माझ्या चारीकडच्या बाजूनं चालायचं. ती हे सगळं अंगणात फार छान करी. दारात भिकारी आला तरी वाकून दगड उचलल्यासारखं करायला लागली, ते थांबवावं लागलं.

आमचीची जखम भरल्यावर आम्ही तिघी दोनदा वस्तीपर्यंत गेलो. दोन्ही वेळा तेच. छत्री उघडलेली, लेक आतल्या बाजूनं, सगळं शिस्तीत. तोवर कुत्री नुसती भुंकत. आमची जराशी पुढं गेली, मी तिला जवळ बोलावलं की एकदम तिन्ही बाहेर. आम्ही छत्रीआडून मागं मागं सरत परत आलो. लेक तोंड घट्ट मिटून चालत होती. घरी आल्यावर म्हणाली, "ती आपल्यावर रागावलीत."

माझा राग आता मालकांवर होता. दुसऱ्या दिवशी एकटीच वस्तीवर गेले. मालकीण ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. माझ्याहून मोठी, भरदार अंगाची. तिन्ही कुत्री तिच्या पायाशी पडलेली.

"मावशी, तुमची कुत्री बांधून घाला," मी म्हटलं. "माझी पोर शाळेला जायची बंद झालीय."

तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि मगच वर बघितलं.

"बाईसाहेब, आमची कुत्री हायती रानात राखनीला. बांधली तर रातीचा लांडगा काय तुमच्या छत्रीला भिनार हाय? आन् बोलायचंच तर मी बोलते. तुमी तुमचं कुत्रं आमच्या कुत्र्यांवर का सोडताय?"

"आम्ही सोडतोय?"

"मंग काय मी? एवढंसं कुत्रं, आन् त्याला लावताय. माझ्या कानांनी ऐकलंय. एकदा न्हाई, तीनदा. लई मोठ्यानं वरडत हुता."

"मी माझ्या कुत्रीला परत बोलवत होते!"

"अशी बोलावत्यात व्हय?"

"आमच्याकडे अशीच बोलावतात. 'छू छू'."

माझ्या तोंडून ते नेमकं तिच्या अंगणात बाहेर पडलं. काळं ताडकन उठलं. पिवळं उठलं. ठिपक्यांचं कान टवकारून कुणावर धावायचं ते शोधायला लागलं. मालकीणबाईंनी "हाड! हाड!" करून सूप त्यांच्यावर हाणलं, दाणे अंगणभर झाले, आणि मी ओट्यावर चढले. कशी चढले ते आठवत नाही. नऊवारी नेसून एवढ्या उंच ओट्यावर मी तेव्हा पहिल्यांदाच चढले.

कुत्री खाली बसल्यावर मी ओट्यावरूनच तिला सगळं सांगितलं.

पिल्लू आमच्या घरी आलं तेव्हा लेक तीन वर्षांची होती. हे पिल्लाला ओठांनी चुचकारून बोलवत. लेकीला तसा आवाज काढता येईना, तिच्या तोंडून 'छू छू' यायचं. पिल्लू त्याला धावत यायचं. मग घरात सगळेच तसं म्हणायला लागले. 'छू' म्हणजे कुत्रं कुणाच्या अंगावर सोडायचं, हे का मला ठाऊक नव्हतं? अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण आमच्या घरात कुणाच्या अंगावर कुत्रं सोडायची वेळच कधी आली नव्हती. त्या शब्दाची आमच्यापुरती हाक झाली होती, आणि हाक कुणी तपासून बघत नाही.

मालकीणबाई आधी गालातल्या गालात हसल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या.

"म्हंजी तुमी आमच्या कुत्र्यांना सांगताय, या, खा आमाला! आन् ती बिचारी ऐकत्यात, तर त्यांनाच छत्री!"

"हसा तुम्ही. माझी पोर घरी बसलीय."

"बसूं द्या की चार रोज. आन् दुसरं कायतरी म्हना तिला. कुत्र्याला काय, बत्ताशा म्हनलं तरी येतंय." मग त्यांनी दाणे वेचायला मला खाली बोलावलं. मी कुत्र्यांकडे बघत बघत उतरले आणि वेचले.

आता काम स्पष्ट होतं. हाक बदलायची. पण कोणती? शीळ सगळ्यांत उत्तम, लांबवर जाते. ती सासूबाईंच्या देखत घालणं शक्य नव्हतं. 'यू यू' म्हटलं तर जगातली सगळी कुत्री येतील. शेवटी टाळ्यांवर आले. दोन टाळ्या, थांबायचं, पुन्हा दोन टाळ्या. सासूबाई म्हणाल्या, "आता कुत्रीची आरतीही करा."

शिकवायचं काम मी लेकीवर सोपवलं. मुद्दामच. अंगणाच्या या टोकाला ती, त्या टोकाला कुत्री. टाळ्या वाजवायच्या, आली की गुळाचा खडा. नाही आली तर काही बोलायचं नाही, मीच तिला उचलून आणायची. लेक शाळेतल्या मास्तरांसारखी कमरेवर हात ठेवून उभी राही. "लक्ष कुठंय तुझं? पुन्हा!" असं दरडावी. कुत्री नुसती शेपटी हलवी. घरात 'छू' म्हणायला मनाई केली. ह्यांच्या तोंडून दोनदा निसटलं, त्यांना लेकीनं अंगठे धरून उभं केलं. खात्याच्या साहेबानं कधी केलं नव्हतं ते पोरीनं केलं, असं म्हणत ते उभे राहिले.

आठवड्याभरात कुत्री टाळ्यांना यायला लागली. मग पाटावर, मग चारीवर, मग उसाच्या फडात ती दिसेनाशी झाल्यावर. तिथूनही आली. लेक मला म्हणाली, "आता तिला शाळेच्या वाटेनं येतं का बघू." मी हो म्हटलं, त्यापुढं काही बोलले नाही.

संक्रांतीला अजून अवकाश होता. सकाळी नवी पाटी, छत्री, ओटीत गुळाचा खडा. वस्तीजवळ नेहमीसारखं भुंकणं सुरू झालं. आमची कुंपणाच्या दिशेनं निघाली. लेकीनं तोंड उघडलं, लगेच एका हातानं दाबून धरलं. मला वाटलं, आता रडणार. तिनं पाटी माझ्या हातात दिली आणि टाळ्या वाजवल्या. पहिल्या दोन टाळ्या नीट वाजल्याच नाहीत. पुढच्या दोन वाजल्या. आमची वळली आणि तिच्या पायाशी येऊन बसली. मी छत्री उघडून मध्ये धरली. तिन्ही कुत्री फटीपर्यंत आली, तिथंच उभी राहून भुंकली. आम्ही न पळता पुढं गेलो. वस्ती मागं पडल्यावर लेक म्हणाली, "गूळ मला पण दे."

मास्तरांनी हजेरीत तिचं नाव पुकारलं तेव्हा मी दाराबाहेर कुत्रीला घेऊन उभी होते. तिनं इतक्या जोरात "हजर!" म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं हसली.

तेव्हापासून शाळा चुकलेली नाही. पण मी रोज सोबत जाते, आणि ते कायमचं चालणार नाही. जूनमध्ये ती दुसरीत जाईल, तिनं आणि कुत्रीनं दोघींनीच जायला हवं. त्यात आता वस्तीवरच्या ठिपक्यांच्या कुत्रीला पिल्लं झालीत, आणि पिल्लं असली की ती कुणी न सोडताही धावून येते, छत्रीही बघत नाही. मालकीणबाईंनीच निरोप पाठवला, "चार महिने इकडनं पोर एकटी धाडू नगा."

म्हणून वस्तीच्या अलीकडेच चारी ओलांडून पलीकडच्या काठानं वाट काढायची आहे. हे म्हणाले, चारीवर काही टाकायला अर्ज लागतो. मी म्हटलं, अर्ज तुमच्याच टेबलावर येणार ना? त्यांनी तो लिहिला, स्वतःच घेतला आणि मंजुरीसाठी वर पाठवला. फळी मी सुताराकडून आणून ठेवली आहे, लेकीला आणि कुत्रीला तोलेल एवढी रुंद. दोन्ही काठांवर ती टेकवायला सपाट दगड हवेत. अलीकडच्या काठाचा बसला आहे. पलीकडचा अजून बसवायचा आहे.